किरकोळ विक्री दुकानांतील प्रारंभिक सुरक्षा प्रशिक्षण

किरकोळ विक्री दुकानांतील प्रारंभिक सुरक्षा प्रशिक्षण म्हणजे किराणा दुकान, कापड दुकान, औषधांचे दुकान, सुपरमार्केट, मॉल अशा विक्रीच्या ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या कामगाराला कामाच्या सुरुवातीलाच दिले जाणारे सुरक्षाविषयक शिक्षण होय. त्या जागेतील धोके, ते टाळण्याच्या पद्धती, आणीबाणीच्या प्रसंगी करावयाची कृती आणि कामगाराचे हक्क व जबाबदाऱ्या हे या प्रशिक्षणाचे चार प्रमुख भाग आहेत. नवीन कामगारांबरोबरच दुसऱ्या शाखेतून बदलून आलेले, सणासुदीसाठी तात्पुरते घेतलेले आणि नवे काम सोपवलेले कामगारही यात समाविष्ट केले जातात.

विक्रीकौशल्याच्या प्रशिक्षणापेक्षा हे प्रशिक्षण वेगळे असते. त्याचा मोठा भाग जागेशी बांधलेला असतो. बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, विजेचा मुख्य खटका कोठे आहे, प्रथमोपचार पेटी कोणाच्या ताब्यात असते आणि रात्री शटरची किल्ली कोणाजवळ राहते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक दुकानात निराळी असतात. म्हणून एका दुकानात घेतलेले प्रशिक्षण दुसऱ्या दुकानात जसेच्या तसे पुरेसे ठरत नाही.

पार्श्वभूमी

कारखाने, खाणी आणि बांधकामे यांच्या तुलनेत दुकान हे सुरक्षित कामाचे ठिकाण मानले जाते. ग्राहक जेथे मुलाबाळांसह निर्धास्तपणे वावरतो तेथे कामगाराला कसला धोका, अशी सर्वसाधारण समजूत असते. तथापि दुकानातील कामाचा बराचसा भाग ग्राहकाच्या नजरेआड चालतो. गाडीतून माल उतरवणे, गोणी व खोकी वाहणे, पोटमाळ्यावर किंवा गोदामात थप्पी लावणे, शिडीवर चढून वरच्या मांडणीतील वस्तू काढणे, फरशी पुसणे आणि रोख रक्कम सांभाळणे ही कामे त्यात येतात. पाय घसरून किंवा अडखळून पडणे, ओझे उचलताना पाठीला इजा होणे, उंचावरून पडणे, अंगावर माल कोसळणे आणि धारदार कटरने हात कापणे हे दुकानांतील अपघातांचे नेहमीचे प्रकार आहेत. आग, दरोडा आणि चेंगराचेंगरी हे प्रसंग तुलनेने विरळ असले तरी जीवघेणे असतात.

नोकरीचे पहिले दिवस विशेष धोक्याचे असतात. कॅनडातील टोरांटो येथील 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार, कामावरील पहिल्या महिन्यात रजा घ्यावी लागेल अशी इजा होण्याचा धोका एका वर्षाहून अधिक अनुभव असलेल्या कामगारांच्या तुलनेत तिपटीहून अधिक असतो. नवीन कामगाराला जागेची ओळख नसते. धोका लक्षात आला तरी प्रश्न विचारण्याचा त्याला संकोच वाटतो, आणि नोकरी टिकवण्यासाठी तो न झेपणारे कामही अंगावर घेतो. किरकोळ विक्री क्षेत्रात तरुण, अर्धवेळ आणि हंगामी कामगारांचे प्रमाण मोठे असल्याने या क्षेत्रात नवखे कामगार सतत येत राहतात.

महत्त्वाच्या दुर्घटना

दुकानांतील सुरक्षेविषयीचे नियम आणि प्रशिक्षणाचे विषय यांचा संबंध काही दुर्घटनांतून स्पष्ट होतो.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील सांपूंग डिपार्टमेंट स्टोअरची इमारत २९ जून १९९५ रोजी कोसळून ५०२ जणांचा मृत्यू झाला. इमारतीला तडे गेल्याचे त्या दिवशी व्यवस्थापनाच्या लक्षात आले होते व वरचा मजला बंदही करण्यात आला होता. मात्र विक्री चालूच राहिली आणि इमारत वेळेत रिकामी करण्यात आली नाही. पाराग्वेची राजधानी असुन्सियोन येथील एका सुपरमार्केटला १ ऑगस्ट २००४ रोजी आग लागली. पैसे न देता कोणी माल घेऊन जाऊ नये म्हणून आगीच्या वेळी दरवाजे बंद करण्यात आल्याचा आरोप झाला. या दुर्घटनेत सुमारे ४०० लोक मृत्युमुखी पडले. २००८ मध्ये न्यायालयाने मालकांसह एका पहारेकऱ्यालाही दोषी ठरवले.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात व्हॅली स्ट्रीम येथे २८ नोव्हेंबर २००८ रोजी सवलतीच्या विक्रीसाठी जमलेल्या जमावाने एका मोठ्या दुकानाचे दार मोडून आत प्रवेश केला. त्यात दारापाशी उभा असलेला एक तात्पुरता कामगार तुडवला जाऊन मरण पावला. त्यानंतर अमेरिकेच्या संघराज्य पातळीवरील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने किरकोळ विक्रेत्यांसाठी गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

पुणे परिसरातील दोन घटनांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी पहाटे कोंढवा भागातील एका बेकरीच्या दुकानाला आग लागून आत झोपलेल्या सहा कामगारांचा मृत्यू झाला. ९ मे २०१९ रोजी पहाटे उरुळी देवाची येथील साड्यांच्या एका दुकानात लागलेल्या आगीत आत झोपलेले पाच कामगार मरण पावले. दोन्ही ठिकाणी दुकानाला बाहेरून कुलूप असल्याने कामगारांना बाहेर पडता आले नाही. काम संपल्यावर दुकानातच मुक्काम करण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक लहान दुकानांत, बेकऱ्यांत आणि मिठाईच्या दुकानांत आढळते. अशा ठिकाणी कामगाराची सुरक्षा कामाच्या तासांपुरती मर्यादित राहत नाही.

कायदेशीर चौकट

आंतरराष्ट्रीय पातळी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची सर्वसाधारण तत्त्वे मांडलेली असून त्यात कामगारांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. जून २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाला कामाच्या ठिकाणच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत स्थान दिले.

युरोपीय समुदायाच्या १९८९ च्या चौकट निर्देशानुसार भरतीच्या वेळी, काम बदलल्यावर आणि नवी साधने वा तंत्रज्ञान आल्यावर प्रशिक्षण देणे मालकावर बंधनकारक आहे. त्याचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही आणि ते कामाच्या वेळेतच द्यावे लागते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कामाच्या ठिकाणी आरोग्य व सुरक्षा अधिनियमानुसार माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नियम या विषयावर विशेष तपशीलवार आहेत. तेथे २५ वर्षांखालील तसेच नव्या कामगारांना काम सुरू करण्यापूर्वी त्या कार्यस्थळाशी निगडित प्रशिक्षण द्यावे लागते. पर्यवेक्षकाचे नाव व संपर्क, असुरक्षित काम नाकारण्याचा हक्क, दरोडा व हल्ल्यासह संभाव्य धोके, एकट्याने काम करताना घ्यावयाची काळजी, प्रथमोपचाराची सोय आणि आणीबाणीतील कार्यपद्धती हे विषय नियमांतच नमूद आहेत. दिलेल्या प्रशिक्षणाची नोंद ठेवणेही आवश्यक असते.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात २०२४ मध्ये किरकोळ विक्री कामगारांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला व २ जून २०२५ पासून तो लागू झाला. दहा किंवा अधिक किरकोळ विक्री कामगार असलेल्या मालकांना हिंसाचार प्रतिबंधाचे धोरण आखणे आणि नोकरीच्या सुरुवातीला प्रशिक्षण देणे या कायद्याने बंधनकारक आहे. स्कॉटलंडमध्ये २०२१ च्या कायद्याने विक्री कामगारावर हल्ला करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्यात आला.

भारत

भारतात कामगार सुरक्षेचे कायदे प्रथम कारखाने व खाणी यांच्यासाठी विकसित झाले. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ यात दुरुस्ती होऊन कारखान्यातील कामगाराला सुरक्षाविषयक माहिती व प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क देण्यात आला. दुकाने हा अधिनियम लागू होण्याच्या कक्षेबाहेर होती. दुकानांविषयी राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. त्यांचा भर प्रामुख्याने कामाचे तास, सुट्ट्या आणि सेवाशर्ती यांवर राहिला.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या केंद्रीय कायद्याने आधीचे तेरा कायदे एकत्र केले. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. तिच्या व्याख्येनुसार दहा किंवा अधिक कामगार असलेली व्यापाराची जागाही आस्थापनेत मोडते. कार्यस्थळ धोकामुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर आहे. कर्मचाऱ्याला आपल्या सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा, तसेच गंभीर इजेचा नजीकचा संभव वाटल्यास तो मालकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क आहे.

कार्यस्थळी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ दुकानांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून लहान दुकानातील कामगार महिलेला जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कर्मचाऱ्यांसाठी जाणीवजागृतीचे कार्यक्रम घेणे हे या कायद्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम आला. स्वच्छता, प्रकाश, वायुवीजन, आगीपासून बचाव आणि प्रथमोपचार यांची व्यवस्था करणे ही मालकाची जबाबदारी असल्याचे त्यात म्हटले आहे. रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत महिला कामगारांना त्यांच्या संमतीनेच काम देता येते. त्यासाठी पुरेसे संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय असणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे किंवा भोगवटादाराचे कर्तव्य आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र यंत्रणेविषयी असते. ती यंत्रणा वापरता येणारा कामगार दुकानात असणे ही बाब प्रशिक्षणावर अवलंबून राहते.

प्रशिक्षणातील विषय

बाहेर पडण्याचे मार्ग

बहुतेक प्रशिक्षणांची सुरुवात दुकानातून प्रत्यक्ष फिरून होते. मुख्य दार, मागचे दार, जिना आणि बाहेर एकत्र जमण्याची जागा कामगाराला दाखवली जाते. दिवाळी, गुढीपाडवा व लग्नसराईच्या हंगामात जादा आलेला माल जिन्यात किंवा मागच्या दारापाशी रचला जातो. त्यामुळे आणीबाणीचा मार्गच अडतो. असा अडथळा दिसताच तो हटवणे किंवा वरिष्ठांना कळवणे हे नवीन कामगारालाही सांगितले जाते. कामगार रात्री दुकानात राहत असल्यास आतून उघडता येणारे दार असणे आणि किल्ली आतील व्यक्तीजवळ असणे हा सुरक्षेचा किमान निकष होय.

आग व वीज

धूर दिसल्यास प्रथम इतरांना सावध करणे, अग्निशमन दलाच्या १०१ किंवा आणीबाणीच्या ११२ या क्रमांकावर कळवणे, शक्य असल्यास विजेचा मुख्य खटका बंद करणे आणि ग्राहकांना बाहेर काढणे यांचा सराव घेतला जातो. हातातील अग्निशामक सिलिंडर वापरण्याच्या चार पायऱ्या शिकवल्या जातात. प्रथम सुरक्षा पिन काढावी, नळीचे तोंड ज्वाळांच्या टोकाकडे न धरता आगीच्या मुळाशी धरावे, दांडा दाबावा आणि नळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावी. लहान सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होत असल्याने तो केवळ सुरुवातीच्या लहान आगीसाठी उपयोगी पडतो. आपली पाठ नेहमी बाहेर जाण्याच्या वाटेकडे असावी आणि आग आटोक्यात येत नसल्यास तत्काळ बाहेर पडावे, हे विशेष बजावले जाते. विजेच्या आगीवर पाणी वापरू नये. आगीच्या वेळी लिफ्टचा वापरही टाळावा.

ओझी उचलणे

ओझ्याजवळ उभे राहून, गुडघे वाकवून, पाठ शक्यतो सरळ ठेवून आणि वजन शरीरालगत धरून उचलणे ही मूलभूत पद्धत मानली जाते. वजन हातात असताना कंबरेतून वळण्याऐवजी पावले टाकून वळावे लागते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार कंबरेच्या पातळीवर शरीराजवळ धरलेल्या ओझ्यासाठी पुरुषांकरिता २५ किलो व स्त्रियांकरिता १६ किलो हे सर्वसाधारण सावधगिरीचे आकडे आहेत. हात लांब करून किंवा खांद्याच्या वर उचलताना ते आणखी कमी होतात. भारतातील किराणा व्यवहारात धान्याची किंवा साखरेची गोणी बहुधा ५० किलोची असते. त्यामुळे केवळ उचलण्याची पद्धत शिकवणे पुरेसे ठरत नाही. ढकलगाडी पुरवणे आणि दोघांनी मिळून उचलण्याची सवय लावणे आवश्यक ठरते.

पडझड, शिडी व धारदार साधने

सांडलेले तेल, पावसाळ्यात दारापाशी साचणारे पाणी, वाटेतील रिकामी खोकी आणि मोकळ्या वायरी ही पडण्याची नेहमीची कारणे आहेत. सांडलेला पदार्थ पाहिल्यावर तेथेच थांबून फलक लावणे व दुसऱ्याकडून पुसण्याचे साहित्य मागवणे ही पद्धत शिकवली जाते. वरच्या मांडणीसाठी खुर्ची, खोके किंवा मांडणीच्या फळ्या यांवर न चढता शिडीच वापरावी, जड माल खालच्या फळीवर ठेवावा आणि खोके कापताना कटरची धार शरीरापासून दूर चालवावी, हे त्यातील अन्य नियम होत.

रसायने

स्वच्छतेची रसायने एकमेकांत मिसळू नयेत, ही सूचना महत्त्वाची आहे. सोडियम हायपोक्लोराइट असलेले विरंजक द्रावण आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. रसायन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवयही धोकादायक असते.

दरोडा, वादावादी व गर्दी

दरोड्याच्या प्रसंगी प्रतिकार न करणे, मागितलेली रक्कम देणे, हालचाली सावकाश ठेवणे आणि दरोडेखोर गेल्यावर पोलिसांना कळवणे असा सल्ला सामान्यतः दिला जातो. गल्ल्यातील रकमेपेक्षा जीव महत्त्वाचा आहे, हे मालकाने आधीच स्पष्ट सांगितलेले असावे लागते. तसे न सांगितल्यास तूट आपल्या पगारातून कापली जाईल या भीतीने कामगार प्रतिकार करण्याचा संभव असतो. संतप्त ग्राहकाशी आवाज न चढवता बोलणे, अंतर राखणे आणि वेळीच वरिष्ठांना बोलावणे यांचाही सराव घेतला जातो. सवलतीच्या विक्रीच्या दिवशी रांगेची आखणी, दार उघडण्याची पद्धत आणि आत सोडावयाच्या लोकांची मर्यादा आधी ठरवली जाते.

दीर्घकाळ उभे राहणे

सतत उभे राहिल्याने पाय, कंबर व शिरा यांचे विकार बळावतात. केरळमध्ये वस्त्रदालनांतील कामगार महिलांच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याची सोय बंधनकारक करण्यात आली. तमिळनाडूने २०२१ मध्ये अशीच तरतूद केली. अशा तरतुदी असलेल्या ठिकाणी बसण्याचा हक्क हाही प्रशिक्षणात सांगण्याचा विषय ठरतो.

पद्धती व नोंदी

हे प्रशिक्षण सामान्यतः तोंडी माहिती, प्रत्यक्ष दर्शन, कामगाराकडून करवून घेणे आणि काही दिवसांनी पुन्हा तपासणे अशा टप्प्यांत दिले जाते. मोठ्या साखळी दुकानांत चित्रफिती व संगणकावरील प्रश्नावली यांचा वापर होतो. लहान दुकानांत जुना कामगारच नव्याला शिकवतो. भारतात किरकोळ विक्री क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने आखलेल्या अभ्यासक्रमांत आरोग्य व सुरक्षेचा घटक समाविष्ट आहे.

प्रशिक्षण कामगाराला समजणाऱ्या भाषेत देणे अपेक्षित असते. महाराष्ट्रातील शहरांतल्या दुकानांत अन्य राज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने असल्याने केवळ मराठी किंवा इंग्रजी फलक पुरेसे ठरत नाहीत. अशा ठिकाणी चित्रे व प्रात्यक्षिके अधिक उपयोगी पडतात. तारीख, विषय, शिकवणाऱ्याचे नाव आणि कामगाराची स्वाक्षरी असलेली नोंद ठेवली जाते.

उजळणीसाठी काही दुकाने ठरावीक दिवसांचा उपयोग करतात. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्मरणार्थ हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. या परिषदेचे मुख्यालय नवी मुंबईत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत झालेल्या स्फोटात प्राण गमावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह साजरा होतो.

मर्यादा व टीका

प्रारंभिक प्रशिक्षणावरील मुख्य आक्षेप असा की, अनेक ठिकाणी ते स्वाक्षरी घेण्यापुरते उरते. पहिल्या दिवशी एकदम दिलेली माहिती लक्षात राहत नाही आणि उजळणी न झाल्यास ती विसरली जाते. अपघात झाल्यावर 'प्रशिक्षण दिले होते' असे दाखवून दोष कामगारावर ढकलण्यासाठी या नोंदींचा वापर होण्याची शक्यता असते.

सुरक्षाशास्त्रात धोका नियंत्रणाच्या उपायांची एक उतरंड मानली जाते. धोका मुळातच नाहीसा करणे हा तिच्यातील सर्वांत वरचा उपाय आहे. त्याखाली कमी धोक्याचा पर्याय वापरणे आणि यांत्रिक किंवा रचनात्मक उपाय करणे हे येतात. नियम व प्रशिक्षण यांचे स्थान त्यानंतरचे असून वैयक्तिक संरक्षक साधने शेवटी येतात. या दृष्टीने प्रशिक्षण हे सुरक्षित रचनेला पूरक असते, तिचा पर्याय नव्हे. कुलूपबंद दुकानात झोपलेल्या कामगाराला आगीविषयी कितीही शिकवले असले, तरी दार आतून उघडत नसेल तर त्या शिक्षणाचा उपयोग होत नाही.

दुसरी मर्यादा व्याप्तीची आहे. कायद्यांतील अनेक तरतुदी ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होतात. भारतातील असंख्य दुकाने मात्र मालक, त्याचे कुटुंबीय आणि एकदोन कामगार यांच्यावर चालतात. तेथे प्रशिक्षण मालकाच्या जाणिवेवरच अवलंबून असते. अशा दुकानासाठी खर्चिक व्यवस्थेची गरज नसते. पहिल्या दिवशी दुकान फिरवून दाखवणे, मुख्य खटका व अग्निशामक सिलिंडर हाताळायला लावणे, आणीबाणीचे क्रमांक भिंतीवर लिहिणे आणि किल्लीची व्यवस्था सांगणे एवढ्या गोष्टी थोड्या वेळात करता येतात.

हेही पाहा

व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य
अग्निसुरक्षा
प्रथमोपचार
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७
राष्ट्रीय सुरक्षा दिन
मुंबई गोदीतील स्फोट, १९४४